घोड्यांच्या मुलुखातील गाव आणि शेजारचे शहर : लेक्सिंग्टन परिसराचा अनुभव

शहरात नोकरी आणि गावात घर ही जीवनपद्धती आज जगातील सर्वच खंडांत आढळते. वेगवान रस्ते, स्वतःचे वाहन आणि शहरातील महागडी जागा या तीन कारणांमुळे शहरापासून २०-३० किलोमीटरवरील गावे नोकरदारांना राहण्यासाठी सोयीची वाटू लागतात. मोकळी हवा, कुरणे, शांतता आणि परस्परांना ओळखणारी माणसे हे अशा गावांचे आकर्षण असते. परंतु या आकर्षणातच एक अंतर्विरोध दडलेला असतो. ज्या मोकळ्या जमिनीसाठी माणूस गावात येतो, त्याच जमिनीवर त्याचे घर उभे राहते. येणाऱ्यांची संख्या वाढत गेली की गावाचे गावपण संपते आणि शहराचे आणखी एक उपनगर तयार होते.

हा अंतर्विरोध कसा हाताळावा, याचा दीर्घ अनुभव अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहराच्या परिसराला आहे. शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी हा भाग जगभर ओळखला जातो. येथील भूवापर नियोजनाची वाटचाल, तिचे यश आणि तिची किंमत यांचा अभ्यास शहरांच्या कडेवरील ग्रामीण भागाचा प्रश्न समजून घेण्यासाठी उपयुक्त ठरतो.

भूमी आणि व्यवसाय

मध्य केंटकीतील या प्रदेशाला 'ब्ल्यूग्रास' असे म्हणतात. ते नाव येथील एका गवतावरून पडले असून ते गवत मूळचे युरोपातील आहे. या प्रदेशाखाली ऑर्डोव्हिशियन कालखंडातील, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, फॉस्फेटयुक्त चुनखडीचा थर आहे. या खडकापासून बनलेल्या मातीत कॅल्शियम व फॉस्फरस विपुल असल्याने तिच्यावरील गवत वाढत्या शिंगरांच्या हाडांना पोषक मानले जाते. हलक्या चढउतारांची जमीन, पुरेसा पाऊस आणि पाण्याचा सहज निचरा यांचीही जोड या भागाला लाभली आहे.

अश्वपैदास एकाच परिसरात केंद्रित होण्यामागे आणखी एक कारण आहे. थरोब्रेड जातीच्या घोड्यांची अधिकृत नोंद करताना कृत्रिम रेतनातून जन्मलेले शिंगरू स्वीकारले जात नाही. घोडी प्रत्यक्ष नर घोड्याकडेच न्यावी लागते. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते आणि गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे पैदाशीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच चालतो. या थोड्या महिन्यांत असंख्य घोड्यांची ने-आण करावी लागत असल्याने नामवंत नर घोडे, घोड्या, पशुवैद्यक, नालबंद आणि चारा पुरवणारे एकमेकांच्या जवळ असणे सर्वांनाच लाभदायक ठरते.

या कारणांमुळे लेक्सिंग्टनभोवती एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी राहिली आहे. १९३६ मध्ये सुरू झालेल्या कीनलँड येथील शर्यतीच्या मैदानावर दर वर्षी सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या शिंगरांचा मोठा लिलाव होतो. केंटकी विद्यापीठाचे अश्वसंशोधन केंद्र आणि अश्वचिकित्सेची मोठी रुग्णालये याच शहरात आहेत. १९७८ मध्ये खुल्या झालेल्या 'केंटकी हॉर्स पार्क'मध्ये २०१० साली जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. अशी साखळी तुटू नये यासाठी सलग आणि विस्तृत जमीन आवश्यक असते. दोन कुरणांच्या मध्ये वसाहत उभी राहिली की वाहतूक, कुत्री, दिवे आणि आवाज यांचा उपद्रव वाढतो आणि शेजारचे कुरणही पैदाशीसाठी गैरसोयीचे होऊ लागते.

दोन गावे, दोन वाटा

लेक्सिंग्टनच्या भोवती २० ते ३० किलोमीटर अंतरावर मिडवे, जॉर्जटाउन, व्हर्सेल्स आणि पॅरिस ही गावे आहेत. या सर्व गावांतून लोक कामासाठी लेक्सिंग्टनला ये-जा करतात. त्यांपैकी मिडवे आणि जॉर्जटाउन यांच्या वाटचालीतील फरक बोधप्रद आहे.

मिडवे हे गाव १८३० च्या दशकात रेल्वे कंपनीने वसवले. लेक्सिंग्टन आणि राज्याची राजधानी फ्रँकफर्ट यांच्या मध्यावर असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध आजही लोहमार्ग आहे. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या २,००० पेक्षाही कमी होती. चोहोबाजूंनी अश्वपैदास केंद्रे, जुन्या दगडी भिंतींची कुंपणे, १८६५ पासून एकाच कुटुंबाकडे असलेली पिठाची गिरणी आणि एक छोटे विद्यापीठ असे या गावाचे स्वरूप आहे. जुन्या इमारतींत आता दुकाने व उपाहारगृहे चालतात आणि त्यांचा बराचसा ग्राहक शहरातून येतो.

जॉर्जटाउनची वाट वेगळी ठरली. १९८५ मध्ये टोयोटा कंपनीने तेथे मोटारींचा कारखाना उभारण्याची घोषणा केली आणि १९८८ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९९० मध्ये सुमारे ११ हजार असलेली गावाची लोकसंख्या २०२० मध्ये ३७ हजारांवर गेली. हजारो कुटुंबांना स्थिर रोजगार मिळाला आणि ये-जा दोन्ही दिशांनी होऊ लागली. कारण लेक्सिंग्टनमध्ये राहून जॉर्जटाउनच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. मात्र त्याच काळात गावाभोवतीच्या कुरणांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या.

यांपैकी कोणती वाट योग्य, याचे सरळ उत्तर देता येत नाही. मिडवेने आपले रूप टिकवले, पण स्थानिक रोजगार मर्यादित राहिला. जॉर्जटाउनला रोजगार मिळाला, पण जमीन गेली. येथे केंटकीतील करव्यवस्थेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. या राज्यात अनेक स्थानिक संस्था वेतनावर कर आकारतात आणि तो कामाच्या ठिकाणी वसूल केला जातो. लेक्सिंग्टनमध्ये त्याचा दर २.२५ टक्के आहे. म्हणजेच मिडवेत राहून लेक्सिंग्टनमध्ये काम करणाऱ्याच्या वेतनावरील कर शहराच्या तिजोरीत जातो, तर रस्ते, कचरा आणि अग्निशमन यांचा भार गावावर पडतो. केवळ निवासी स्वरूपाच्या गावाला आर्थिकदृष्ट्या उभे राहणे त्यामुळे कठीण जाते. मिडवेनेही महामार्गालगत एक उद्योगक्षेत्र आखले, त्यामागील कारण यातून स्पष्ट होते.

सीमारेषेचा निर्णय

दुसऱ्या महायुद्धानंतर लेक्सिंग्टन वेगाने वाढू लागले. १९५० च्या दशकात आयबीएम कंपनीचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना तेथे आला आणि विस्ताराचा वेग अधिकच वाढला. कुरणे शहराने गिळंकृत होतील हे ओळखून १९५८ मध्ये शहराभोवती 'नागरी सेवा सीमा' आखण्यात आली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिली सीमा मानली जाते. तिचे तत्त्व सोपे होते. सीमेच्या आत सांडपाणी वाहिनी व इतर नागरी सेवा पुरवल्या जातील आणि दाट वस्तीस परवानगी असेल. सीमेबाहेर त्या सेवा दिल्या जाणार नाहीत. १९७४ मध्ये शहर आणि फेएट परगणा यांचे प्रशासन एकत्र करण्यात आले. त्यामुळे सीमेच्या आतील आणि बाहेरील जमिनीबाबत निर्णय घेणारी संस्था एकच झाली. शहर आणि ग्रामीण भाग यांच्यासाठी वेगवेगळ्या संस्था असतात तेव्हा एकीने घातलेला निर्बंध दुसरीने सैल करण्याचा धोका राहतो. तो येथे परगण्यापुरता टळला.

परंतु केवळ रेषा पुरेशी ठरली नाही. ग्रामीण भागात घर बांधण्यासाठी किमान १० एकरांचा भूखंड पुरेसा असल्याने धनिकांनी दहा-दहा एकरांचे तुकडे घेऊन बंगले बांधण्यास सुरुवात केली. हे तुकडे शेतीसाठी लहान आणि निवासासाठी अवास्तव मोठे होते. शिवाय या प्रदेशातील चुनखडीत भेगा, विवरे आणि भूमिगत प्रवाह आहेत. पृष्ठभागावरील सांडपाणी पुरेसे न गाळता थेट भूजलात मिसळू शकते. जॉर्जटाउनच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या 'रॉयल स्प्रिंग' या झऱ्याचे भूमिगत पाणलोट क्षेत्र लेक्सिंग्टनच्या उत्तरेकडील कुरणांखाली पसरलेले आहे. एका परगण्यातील बांधकामाचा परिणाम दुसऱ्या परगण्यातील पिण्याच्या पाण्यावर होतो, याचे हे ठळक उदाहरण होय. अखेर १९९९ मध्ये ग्रामीण भागातील किमान भूखंडाची मर्यादा १० वरून ४० एकर करण्यात आली.

विकास हक्कांची खरेदी

निर्बंधामुळे जमिनीची संभाव्य किंमत कमी होते, तेव्हा शेतकऱ्याला भरपाई कोणी द्यावी हा प्रश्न उभा राहतो. त्यावर २००० साली 'विकास हक्क खरेदी' कार्यक्रमाद्वारे उत्तर शोधण्यात आले. जमिनीच्या मालकीत अनेक हक्कांचा समावेश असतो. कसण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा आणि बांधकाम करण्याचा हक्क वेगवेगळा धरता येतो. या कार्यक्रमात शेतकरी स्वेच्छेने बांधकामाचा हक्क स्थानिक शासनाला विकतो आणि उरलेले सर्व हक्क त्याच्याकडेच राहतात. जमीन पुढे कोणालाही विकता येते, पण तिच्यावर वसाहत कधीही उभारता येत नाही. बंधन मालकावर नसून जमिनीवर असल्याने ते पिढ्यानपिढ्या लागू राहते.

या खरेदीसाठी स्थानिक निधीबरोबरच राज्याचा आणि संघराज्य शासनाचा निधी वापरण्यात आला. तंबाखू कंपन्यांबरोबर १९९८ मध्ये झालेल्या समझोत्यातून राज्याला मिळालेल्या रकमेचाही त्यात वाटा होता. यात एक औचित्य होते. ब्ल्यूग्रासमधील मध्यम शेतकरी प्रामुख्याने तंबाखूच्या उत्पन्नावर तग धरून होता आणि २००४ च्या कायद्याने संघराज्य शासनाची कोटा पद्धत संपुष्टात आल्यावर जमीन विकण्याचा दबाव त्याच्यावर वाढला. विकास हक्कांच्या मोबदल्यातून अशा शेतकऱ्याला कर्ज फेडून शेती चालू ठेवण्याचा पर्याय मिळाला. ५० हजार एकर जमीन संरक्षित करण्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले होते आणि आतापर्यंत ३० हजार एकरांहून अधिक जमीन संरक्षित झाली आहे. याशिवाय १९६९ च्या घटनादुरुस्तीनुसार केंटकीत शेतजमिनीचे करमूल्य तिच्या बाजारभावावरून न ठरवता शेतीतील उपयोगितेवरून ठरवले जाते. शहराजवळच्या शेतकऱ्याला केवळ कर परवडत नाही म्हणून जमीन विकावी लागू नये, हा त्यामागील हेतू आहे.

तरीही धोका पूर्ण टळलेला नाही. जागतिक स्मारक निधी या संस्थेने २००६ च्या संकटग्रस्त वारसास्थळांच्या यादीत ब्ल्यूग्रासच्या सांस्कृतिक भूदृश्याचा समावेश केला होता. एकाच व्यवसायावर विसंबण्याची जोखीमही मोठी आहे. २००१ च्या वसंत ऋतूत घोड्यांच्या गर्भपाताच्या साथीत हजारो शिंगरे दगावली. रानचेरीच्या झाडांवर वाढणाऱ्या सुरवंटांशी तिचा संबंध असल्याचे संशोधनातून पुढे आले. एका हंगामातील अशा आघाताने पैदास केंद्रांपासून लिलावगृहापर्यंतची सारी साखळी हादरते.

दैनंदिन जीवन : चित्र आणि वास्तव

शहरातून येणाऱ्या माणसाच्या मनात पांढरी कुंपणे आणि चरणारे घोडे यांचे चित्र असते. प्रत्यक्षात हा कष्टाचा मुलूख आहे. तबेल्यांतील काम पहाटे सुरू होते. विण्याच्या हंगामात रात्रभर पहारा ठेवावा लागतो. अरुंद रस्त्यांवर घोडे वाहून नेणाऱ्या गाड्या आणि ट्रॅक्टर संथगतीने चालतात. खताचा वास, माश्या आणि गवत कापण्याच्या यंत्रांचा आवाज हा जीवनाचा भाग असतो. नवे रहिवासी याबाबत तक्रारी करतात, म्हणून शेतीच्या नेहमीच्या कामांना उपद्रवाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे अमेरिकेतील सर्व राज्यांनी केले आहेत. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्याने मोटार नसलेल्या व्यक्तीला, विशेषतः वृद्धांना आणि किशोरवयीन मुलांना, अशा गावात परावलंबी व्हावे लागते.

या मुलुखाच्या उभारणीत ज्यांचे श्रम लागले त्यांची वसतिस्थाने फारशी नजरेस पडत नाहीत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या वाड्या पैदास केंद्रांच्या कडेला वसल्या. मोतद्दार, प्रशिक्षक आणि घोडेस्वार यांपैकी अनेक जण याच समाजातील होते. तीन वेळा केंटकी डर्बी जिंकणारे आयझॅक मर्फी हे या प्रदेशाचेच सुपुत्र होत. पुढे वांशिक भेदभावामुळे कृष्णवर्णीय घोडेस्वार शर्यतींतून बाहेर फेकले गेले. आज तबेल्यांतील कामाचा मोठा भार मेक्सिको व अन्य लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या कामगारांवर आहे.

याच ठिकाणी सीमारेषेच्या धोरणाची दुसरी बाजू समोर येते. लेक्सिंग्टनची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे ३ लाख २२ हजार झाली होती. १९९६ मध्ये पाच हजार एकरांहून अधिक जमीन समाविष्ट केल्यानंतर सीमा दीर्घकाळ वाढवण्यात आली नाही आणि घरांच्या किमती चढत गेल्या. ज्यांना शहरात घर परवडेना ते शेजारच्या परगण्यांत राहू लागले. म्हणजे एका परगण्यातील कुरणे वाचली, पण विस्ताराचा काही भार सीमेपलीकडे सरकला आणि रोजची ये-जा वाढली. अखेर २०२३ मध्ये शहराच्या परिषदेने सीमा २,७०० ते ५,००० एकरांनी वाढवण्याचा निर्णय घेतला. सीमेच्या आतील पडीक जागा प्रथम वापराव्यात असे जमीन संरक्षणाच्या समर्थकांचे म्हणणे होते, तर परवडणाऱ्या घरांसाठी नवी जमीन अपरिहार्य आहे असे दुसऱ्या बाजूचे प्रतिपादन होते. कुरण वाचवणे आणि कुरणावर राबणाऱ्याला घर मिळवून देणे ही दोन्ही उद्दिष्टे सार्वजनिक हिताचीच आहेत, हा या वादाचा गाभा होय.

भारतीय संदर्भ

भारतात शहरांच्या कडेवरील गावांचा प्रश्न अधिक व्यापक आणि अधिक तीव्र आहे. किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकसंख्येची घनता, हे तीन निकष पूर्ण करूनही जेथे नागरी स्थानिक संस्था स्थापन झालेली नाही, अशा वस्त्यांना 'जनगणना नगर' म्हणतात. त्यांची संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये ३,८९४ वर गेली. शहरासारखी वस्ती आणि ग्रामपंचायतीचा कारभार ही त्यांची स्थिती आहे.

अश्वपैदाशीपुरता विचार केला तरी साम्य आढळते. पुणे हे भारतातील थरोब्रेड पैदाशीचे एक जुने केंद्र असून १९४६ मध्ये स्थापन झालेले पूनावाला स्टड फार्म याच परिसरातील आहे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट करण्यात आली. लेक्सिंग्टनमध्ये सेवा कोठवर द्यायच्या हे आधी ठरले आणि वस्ती त्यानुसार वाढली. भारतीय शहरांत वस्ती आधी वाढते, हद्द नंतर वाढते आणि पाणी व सांडपाण्याची व्यवस्था त्याहून नंतर येते.

घटनात्मक चौकट मात्र उपलब्ध आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-थ अन्वये ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगर पंचायतीची तरतूद केली. जिल्हा नियोजन समिती आणि महानगर नियोजन समिती यांनी ग्रामीण व नागरी नियोजनाचा मेळ घालावा, अशीही तिची अपेक्षा आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मांडलेली, ग्रामीण भागात नागरी सुविधा पुरवण्याची 'पुरा' संकल्पना आणि ३०० ग्रामसमूह विकसित करण्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले श्यामा प्रसाद मुखर्जी रुर्बन अभियान हे याच दिशेचे प्रयत्न होते.

विकास हक्क वेगळे काढण्याची कल्पनाही भारताला अपरिचित नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद होती. दोन पद्धतींतील भेद परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा. हस्तांतरणीय हक्कात एका भूखंडावरील बांधकामाचा अधिकार दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो आणि सार्वजनिक निधी फारसा लागत नाही. हक्क खरेदीत तो अधिकार सार्वजनिक पैशातून कायमचा संपवला जातो. अल्पभूधारकांची मोठी संख्या, अपुऱ्या भूमिनोंदी आणि शहरांजवळील जमिनीचे चढे भाव यांमुळे खरेदीची पद्धत भारतात जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे. ४० एकरांची किमान मर्यादा तर येथे अकल्पनीय ठरेल.

निष्कर्ष

लेक्सिंग्टन परिसरातील कुरणे बाजाराच्या कृपेने टिकलेली नाहीत. वेळेत आखलेली सीमा, शेतकऱ्याला दिलेला मोबदला, कररचनेतील सवलत आणि शहर व परगणा यांचे एकत्रित प्रशासन या चार गोष्टींनी ती टिकवली. जेथे परगण्यांमधील समन्वय नव्हता आणि स्वस्त घरांची सोय अपुरी राहिली, तेथे त्या धोरणाची किंमत दूर राहून रोज ये-जा करणाऱ्या कष्टकऱ्यांनी मोजली.

शहरालगतच्या गावाचे भवितव्य एकट्या गावाच्या हातात नसते. त्याची जमीन, पाणी, रोजगार आणि करउत्पन्न शहराशी जोडलेले असते. म्हणून शहराचा विकास आराखडा आणि गावाचा विकास आराखडा एकाच वेळी, एकाच टेबलावर तयार झाला पाहिजे आणि त्या टेबलाशी जमीनमालकाबरोबर तेथे राबणाऱ्या भूमिहीनालाही स्थान असले पाहिजे. वसाहत उभी राहिल्यानंतर कुरण परत आणता येत नाही. निर्णय घेण्याची वेळ त्याआधीची असते.